मेजरांची डावी बाजू

मेजर सैन्यात कधीच नव्हते. त्यांचं सलून होतं. एक खुर्ची, एक बाक, एक खिडकी आणि भिंतीला टेकवून ठेवलेली एक शिडी, जिचा उपयोग काय ते आजवर कोणी विचारलेलं नाही. 'मेजर' ही पदवी गिऱ्हाइकांनीच बहाल केली होती, कारण त्या खुर्चीत बसल्यावर कानावर फक्त हुकूम पडत. "मान खाली." "हनुवटी वर." "श्वास घ्या, पण हळू." एकदा एका गिऱ्हाइकाला शिंक आली, तर मेजर कात्री थांबवून म्हणाले, "आधी सांगायचं असतं."

सलूनमध्ये आरसा होता, पण खुर्चीसमोर नव्हता. तो दाराशेजारी, चपला काढायच्या जागेवर होता. खुर्चीचं तोंड खिडकीकडे. मेजरांचं म्हणणं, आरसा दिसला की माणूस स्वतःकडे बघतो, स्वतःकडे बघितलं की मान हलवतो, आणि मान हलली की सूचना करतो. "सूचना करायच्या असतील तर घरी बायको आहे ना?" तेव्हा गिऱ्हाइकाने रस्ता बघायचा, गप्प बसायचं आणि मेजर "झालं" म्हणाले की उठायचं. जाताना दाराशी आरशात डोकावणं म्हणजे मेजरांवर अविश्वासाचा ठराव. जुनी गिऱ्हाइकं ते पाप करत नसत. मानेवरचे केस झटकायचे, चष्मा खिशातून काढून पुसायचा, आणि चालू पडायचं.

बोलायचा हक्क फक्त मेजरांचा. आणि गेली दोन-तीन वर्षं त्यांचा विषय एकच होता, स्वतःच्या किडन्या. आधी साखर झाली, साखरेने रक्तदाब आणला, आणि दोघांनी मिळून किडन्यांचं दुकान बंद केलं. आठवड्यातून तीन दिवस सकाळी डायलिसिस. उरलेल्या दिवशी सलून. त्या उरलेल्या दिवसांत आम्ही सगळे बाकावर रांग लावून बसत असू आणि बटाटा हा माणसाचा शत्रू कसा आहे, पाणी मोजून पिताना घोट तोंडात किती वेळ फिरवायचा, आणि डायलिसिसच्या खुर्चीपेक्षा आपली खुर्ची कशी सरस आहे, हे ऐकत असू.

"तिथे चार तास बसवतात आणि केसाला हात लावत नाहीत," मेजर म्हणत. "इथे अर्ध्या तासात माणूस नवा होऊन जातो."

मग एक दिवस तपासणीत कळलं की मेजरांचं हृदयसुद्धा शिस्त मोडायला लागलं आहे. ठोके लागायचे, पण तालात नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी समजावलं की अशा हृदयात रक्त साचतं, साचलेल्याची गाठ होते, आणि ती गाठ प्रवासाला निघाली की थेट मेंदूत जाऊन बसते. एरवीही किडन्या गेलेल्या माणसाला पक्षाघाताचा धोका इतरांच्या कितीतरी पट. त्यात हे. तेव्हा रक्त पातळ करायची गोळी सुरू करा.

किडनीचे डॉक्टर म्हणाले, थांबा. यांच्या हाताला आठवड्यातून तीनदा जाड सुया लागतात. किडन्या नसलेल्या माणसाचं रक्त तसंही चटकन थांबत नाही. त्यात पातळ केलं तर नको तिथे वाहील, आणि ते डोक्यात वाहिलं तर काय करणार?

दोघेही खरं बोलत होते, हीच पंचाईत. मेजरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, घरी पडदे शिवून देतात. त्या म्हणाल्या, "दोन व्याह्यांसारखं झालंय. हे म्हणतात लग्न करा, ते म्हणतात मुहूर्त नाही. आणि नवरा मुलगा केस कापतोय."

नवऱ्या मुलाचं उत्तर ठरलेलं होतं. "बघू पुढच्या आठवड्यात." त्यांची अडचण वेगळीच होती. हातात दिवसभर वस्तरा. स्वतःच्याच बोटाला लागलं आणि रक्त थांबलंच नाही तर? गिऱ्हाइकाच्या अंगावर न्हाव्याचं रक्त, ही त्यांना धंद्यातली सगळ्यात मोठी नामुष्की वाटे. पुढचा आठवडा असा बरेच आठवडे पुढे गेला.

आणि डायलिसिस नसलेल्या एका दुपारी भूगोलाचे सर केस कापायला आले.

सर निवृत्त झाले तरी त्यांना सगळे भूगोलाचे सर म्हणतात. वय झालं, पण डोक्यावर पांढरेशुभ्र दाट केस. मेजरांचं ते आवडतं डोकं. "सरांच्या डोक्यावर काम करायला मजा येते," असं ते टकल्या गिऱ्हाइकांसमोर मुद्दाम म्हणत. समोरच्या शाळेची मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा सर खुर्चीत बसले, चष्मा काढून खिशात ठेवला, आणि खिडकीबाहेरच्या धूसर जगाकडे बघत राहिले. मेजरांनी नेहमीप्रमाणे उजवीकडून सुरुवात केली. बटाटा चालू होता. दोनदा पाण्यात उकळून पाणी फेकून दिलं तर खाता येतो असं कुणीतरी सांगितलं होतं, आणि "त्यापेक्षा बटाट्याचा फोटो बघितलेला बरा" इथवर मेजर आले होते.

तिथे ते गप्प झाले.

सरांना वाटलं, आज आपलं नशीब जोरावर आहे. इतक्या वर्षांत मेजर गप्प बसलेले कोणी पाहिले नव्हते. त्या शांततेत त्यांना छान डुलकीसुद्धा लागली. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "झालं."

सर उठले. मान झटकली. आरशात न बघता, निष्ठेने बाहेर पडले. बाकावर वाट बघणारा बेकरीवाला खुर्चीत जाऊन बसला आणि दाढीसाठी मान मागे टाकून त्याने डोळे मिटले.

घरी जाताना सरांना वाटेत वाण्याने हसून हात केला. शाळेच्या फाटकावरची पोरं टाळ्या देऊन हसली. सरांना बरं वाटलं. माणूस निवृत्त झाला तरी लोक विसरत नाहीत, असा विचार करत त्यांनी घराची कडी वाजवली.

दार मॅडमनी उघडलं. मॅडम म्हणजे सरांच्या बायको. त्यांची सगळी नोकरी पोस्टाच्या काउंटरवर गेली. काउंटरमागे बसून सबंध रांग नजरेने सरळ करायची त्यांची ख्याती होती.

"हे काय?" मॅडम म्हणाल्या.

"काय म्हणजे? केस कापले."

"अर्धेच?"

"मेजर म्हणाले झालं."

"मेजर म्हणाले म्हणून झालं? डोकं कुणाचं आहे?" मॅडमनी त्यांना हाताला धरून आरशापुढे उभं केलं आणि चष्मा नाकावर चढवला. सरांनी पाहिलं. पूर्व गोलार्धात जंगलतोड संपूर्ण झाली होती. पश्चिम गोलार्धात घनदाट अरण्य उभं होतं, आणि सीमारेषा कशी, तर मध्यावरून पट्टीने आखल्यासारखी.

"काहीतरी नवी पद्धत असेल," सर म्हणाले.

"पद्धत! बिनपाण्याने हजामत केली तुमची, आणि तुम्ही वर पैसे देऊन आलात. चला."

"अगं, उद्या जाऊ. आत्ता कुठे मी..."

"उद्या? उद्यापर्यंत हे असं घरात फिरणार? माझ्यासमोर? चपला घाला."

मॅडम भांडायला निघाल्या होत्या, हे इथे नमूद करायला हवं. त्यांना ना डॉक्टरकी येत होती, ना कसली शंका आली होती. त्यांना फक्त राग आला होता, आणि राग शिळा करून ठेवायची त्यांना सवय नव्हती. पुढे मेजरांच्या नशिबी जे चांगलं आलं ते या एका सवयीमुळे.

सलूनमध्ये पाऊल टाकताच त्यांनी तोंड उघडलं, "मेजर, हा काय प्रकार..." आणि तिथेच थांबल्या.

बेकरीवाला मान मागे टाकून, डोळे मिटून, संपूर्ण विश्वासाने बसला होता. त्याच्या अर्ध्या तोंडाला फेस होता, अर्ध्याला नव्हता. मेजरांच्या उजव्या हातात उघडा वस्तरा होता. डावा हात खांद्यापासून नुसता लोंबत होता, आणि त्या हातातला कंगवा खाली त्यांच्याच पायाजवळ पडला होता. मेजरांनी मॅडमकडे पाहिलं, तर तोंडाची डावी बाजू उजवीच्या मागे राहिली होती.

"मॅडम," मेजर म्हणाले. शब्द जरा घसरडे येत होते. "सरांचे झालेत की."

मॅडमनी काउंटरवरचा आवाज काढला. चढा नाही, पण ज्याला उत्तर नसतं असा.

"मेजर, वस्तरा खाली ठेवा."

त्या खुर्चीमागे उभं राहून मेजरांनी दुसऱ्याचा हुकूम पाळल्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी वस्तरा ठेवला. बेकरीवाल्याने डोळे मिटूनच विचारलं, "झालं?"

"तुमचं नाही झालं," मॅडम म्हणाल्या. "उठा, आणि पाव पोचवायची गाडी घेऊन या. पळा."

तो तसाच, अर्ध्या फेसासकट पळाला. सर वहिनींना आणायला धावले. आणि पावांच्या रिकाम्या ट्रेंमध्ये बसून, ताज्या पावाच्या वासात, मेजर दवाखान्यात पोचले. वाटेत ते एकच सांगत होते, "मला काही झालेलं नाही. याची दाढी अर्धी राहिली आहे."

दवाखान्यात तातडीच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. दारातून एकदम एवढी माणसं आली. एकाचं डोकं अर्धं, एकाची दाढी अर्धी, आणि स्ट्रेचरवर जे होते ते म्हणत होते मी ठणठणीत आहे. बाईंनी क्षणभर सरांच्याच डोक्याकडे पाहिलं.

"पेशंट कोण?"

"हे," सर म्हणाले. "मी पुरावा आहे."

मेजरांना तपासून झाल्यावर बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की शेवटचे नीट होते कधी? मेंदूत गाठ अडकली असेल तर ती विरघळवायचं औषध आहे, पण ते ठरावीक वेळेच्या आत द्यावं लागतं. वेळ कळली नाही तर पंचाईत.

वहिनी सकाळपासून घरी शिलाई मशीनवर होत्या. त्यांना माहीत नव्हतं. मेजरांच्या मते तर काही झालंच नव्हतं. सगळे सरांकडे बघायला लागले.

सरांनी डोक्याला हात लावला. उजव्या बाजूला हात फिरवला, मग डाव्या. आणि भूगोल शिकवावा तसं शांतपणे सांगितलं. "मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा मी बसलो. उजवी बाजू संपेपर्यंत ते बटाट्यावर बोलत होते, अगदी स्वच्छ. उजवी बाजू अशी आहे, बघा, एक केस इकडचा तिकडे नाही. मग ते गप्प झाले. डावीकडे आलेच नाहीत. म्हणजे जे काही झालं ते इथे झालं," आणि त्यांनी टाळूवरच्या सीमारेषेवर बोट ठेवलं. जरा थांबून म्हणाले, "मेजर गप्प बसले तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. मला झोप लागली हो."

"लागू दे," बाई त्यांचं डोकं निरखत म्हणाल्या. "वेळेत आहोत आपण."

स्कॅन झाला. डोक्यात रक्त नव्हतं, गाठ होती. मग परत तेच व्याह्यांचं भांडण, पण आता पुढच्या आठवड्यावर टाकता येण्यासारखं नव्हतं. डायलिसिसच्या वेळी नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध देतात. कालचं ते औषध अंगात उरलं आहे का, हे बघायला रक्त पाठवलं. नव्हतं उरलेलं. बाई वहिनींजवळ येऊन बसल्या.

"औषध दिलं तर गाठ सुटू शकते. पण त्यांच्या किडन्या नाहीत, त्यामुळे डोक्यात रक्तस्राव व्हायचा धोका इतरांपेक्षा जास्त आहे. तुमच्यापासून लपवत नाही."

"आणि नाही दिलं तर?"

"तर डावी बाजू जाईल, बहुतेक कायमची. किडनीच्या पेशंटना झटका आला की तो जरा जास्तच जड जातो."

वहिनींनी काचेतून आत पाहिलं. मेजर उजव्या हाताने हवेत काहीतरी कापत होते.

"तुमच्या वडिलांना असं झालं असतं तर?"

"दिलं असतं," बाई म्हणाल्या.

"मग द्या. घाबरायचं ते मी घाबरते इथे बसून. तुम्ही आत जा."

औषध दिलं. रक्तस्राव झाला नाही. दुसऱ्या दिवशी तोंड सरळ झालं, बोलणं स्वच्छ झालं, आणि स्वच्छ झाल्या झाल्या मेजरांनी वॉर्डबॉयच्या कल्ल्यांबद्दल मत दिलं. पाय उचलू लागला. डावा हात मात्र अर्ध्या मनाने हलायचा. आणि डावी बाजू परत आलीच नाही.

म्हणजे झालं असं, की डोळे उत्तम होते. पण डावीकडे जग आहे, हे मेंदू धरतच नव्हता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की असं होतं. माणसाला डावीकडचं दिसत नाही असं नाही, त्याच्या लेखी डावीकडे काही नसतंच. आणि जे नाहीच, ते आपल्याला कळत नाही हेही त्याला कळत नाही.

घरी आल्यावर मेजरांनी स्वतःची दाढी मशीनने केली आणि बाहेर येऊन म्हणाले, "झालं." उजवा गाल गुळगुळीत होता. डाव्या गालावर आठवड्याची दाढी होती. वहिनी आत गेल्या, पडद्याचं कापड शिलाई मशीनखाली घातलं, आणि बराच वेळ मशीन चालवलीच नाही.

जेवणात तर रोजचा तमाशा. मेजर ताटातली उजवी बाजू संपवायचे आणि कुरकुरायचे, "आधीच पथ्य, त्यात इतकंच वाढतेस?" वहिनींनी पहिले दोन दिवस समजावलं. मग एके दिवशी नुसतं ताट उचललं आणि गोल फिरवून परत ठेवलं. डावीकडचा भात उजवीकडे आला.

"घ्या. अजून वाढलंय."

मेजरांचा चेहरा उजळला. किडन्या गेल्यापासून या माणसाला कोणी दुसऱ्यांदा वाढलं नव्हतं. "आज काय विशेष?" त्यांनी विचारलं. वहिनी म्हणतात, रोज दुसरी वाढ मिळते म्हणून ते इतके खूश असायचे, की सांगून टाकायचं माझ्या जिवावर यायचं.

पण एका गोष्टीवर नवरा-बायकोचं जमेना. सलून. मेजर रोज सकाळी विचारायचे, किल्ली कुठे आहे. वहिनी रोज सांगायच्या, सापडत नाही. किल्ली त्यांच्या कमरेला होती, समोर उभं राहिलं की मेजरांच्या डावीकडे येईल अशी मुद्दाम लावलेली.

"मी सलून उघडलं नाही तर काय करू? बसून राहू?"

"बसा. लोक बसतात."

"मी लोकांना बसवतो. मी बसत नाही."

"तुमच्या हातून कुणाचा कान गेला तर? तुम्हाला कळणारसुद्धा नाही हो, की तिथे कान होता!"

यावर मेजर गप्प झाले, आणि आता मेजर गप्प झाले की घरात सगळे धावत यायचे. "काही नाही झालेलं," मेजर वैतागून म्हणाले. "विचार करतोय."

व्यायाम शिकवायला दवाखान्यातून एक मुलगी यायची. तिने घरातल्या प्रत्येक वस्तूच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली. ताटाला, दाराला, पलंगाला, वर्तमानपत्राला. नियम एकच. लाल दिसेपर्यंत मान फिरवायची. लाल दिसलं नाही तर जग अजून बाकी आहे असं समजायचं.

"मेजर, मान हलवा," ती म्हणायची.

"मान हलवा, अहो," वहिनी म्हणायच्या.

"मान हलवा मेजर!" भेटायला आलेले सर दारातूनच म्हणायचे. आता त्यांच्या डोक्याच्या दोन्ही बाजू समान झाल्या होत्या, बेकरीवाल्याने उरलेली दाढी जिथे केली त्या न्हाव्याकडे जाऊन.

आयुष्यभर जगाला मान हलवू नका म्हणून दटावलेल्या माणसावर ही पाळी आली होती. मेजर चिडायचे, पण हलवायचे. डायलिसिसच्या दिवशी पिळून काढलेल्या फडक्यासारखे होऊन यायचे, त्या दिवशी कुठली मान आणि कुठला व्यायाम. दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून. इतरांना जे दोन महिन्यांत जमतं त्याला तुम्हाला दुप्पट लागेल, हे त्या मुलीने आधीच सांगून ठेवलं होतं. "तुमच्या शरीराला आधीच दोन नोकऱ्या आहेत ना, साखर आणि डायलिसिस," ती म्हणाली. दरम्यान ते दोन डॉक्टर शेवटी एका टेबलाशी बसले आणि मुहूर्त निघाला. कमी ताकदीची गोळी, रोज, आणि रक्तावर लक्ष. वस्तरा बंद. दुसऱ्या झटक्याची भीती गेली नव्हती, पण निदान तिला आता कुणीतरी दाराशी अडवत होतं.

डायलिसिसच्या खोलीत मेजरांच्या शेजारच्या खुर्चीत एक टॅक्सीवाला असायचा. बरोबरीचा, त्यामुळे अरे-तुरे. मेजरांचा डावा हात नीट पकडत नाही आणि बायको किल्ली देत नाही, हे त्याने दर खेपेला ऐकलं होतं. एक दिवस सुया निघाल्यावर तो म्हणाला, "उद्या माझी टॅक्सी बंद आहे. माझं डोकं घे."

"नको. काही झालं तर?"

"काय होणार? किडन्या गेल्या, हृदयाची एक झडप बदलली. कान दोन आहेत, एक गेला तरी पॅसेंजर ऐकू येतील."

वहिनींना विचारलं तेव्हा त्या आधी नाहीच म्हणाल्या. मग टॅक्सीवाल्याच्या बायकोला फोन करून तिची परवानगी काढली. मग किल्ली काढून मेजरांच्या उजव्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "एक डोकं. माझ्यासमोर. पूर्ण झालं तर सलून तुमचं. अर्धं राहिलं तर किल्ली माझी, परत मागायची नाही."

"कबूल," मेजर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी सलून स्वतः झाडलं. डाव्या हातातून निसटू नये म्हणून कंगव्याच्या मुठीवर पडद्याच्या जाड कापडाची गुंडाळी शिवून आणली होती. टॅक्सीवाला खुर्चीत बसला. मेजरांनी त्याच्या डाव्या कानाला कपडे वाळत घालायचा लाल चिमटा लावला.

"आई गं!"

"गिऱ्हाईक इथे बोलत नाही."

"हे गिऱ्हाईक बोलणार. मी आयुष्यभर पॅसेंजरचं ऐकलं, तू अर्धा तास ऐक."

मेजरांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी बाकावर बसल्या होत्या, पाठ ताठ, पर्स मांडीवर, बसमध्ये पुढचा स्टॉप आपला असल्यासारख्या. त्यांनी काही मदत केली नाही.

उजवी बाजू सुरेख झाली. हात विसरला नव्हता. कात्रीचा तो जुना बारीक आवाज रस्त्यावर गेला असावा, कारण वाणी दुकानाबाहेर येऊन उभा राहिला. मेजर मागे आले, टाळूपर्यंत पोचले, कात्री खाली केली, तोंड उघडलं.

तो शब्द येणार हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं. वहिनींचा हात पर्सवर आवळला.

"डावीकडे घे," टॅक्सीवाला म्हणाला. "अजून रस्ता आहे."

मेजरांनी तोंड मिटलं. मान वळवली. थोडी. अजून थोडी. लाल दिसेना. अजून. आणि मग चिमटा दिसला, चिमट्यामागे कान दिसला, आणि कानाभोवतीचं सबंध रान दिसलं. मेजर तिथे बघतच राहिले.

"एवढे होते इथे?" ते हळूच म्हणाले.

"होते म्हणजे? जन्मापासून आहेत. चल, गिअर टाक."

मेजर खुर्चीला वळसा घालून डावीकडे गेले. कंगवा दोनदा निसटला, तिसऱ्यांदा मुठीत बसला. पुढे सगळं टॅक्सीवाल्याच्या हुकमावर चाललं. "कानामागे गल्ली आहे, ती राहिली." "आता सरळ." "पुढे स्पीडब्रेकर, तो माझा मस आहे, जपून." मेजर मधूनच "गप्प बस रे" म्हणत होते, पण प्रत्येक हुकमाला मान वळत होती, लाल दिसेपर्यंत जात होती, आणि तिथून परत येत होती. अर्ध्या तासाचं काम होतं, त्याला दुपार लागली. मानेमागची रेघ दोन्हीकडून येऊन मध्यावर मिळाली. जराशी वर-खाली होती. मेजरांनी ती पाहिली, जीभ चावली, आणि पुन्हा सरळ केली.

मग त्यांनी असं केलं, जे त्या सलूनमध्ये कधी झालं नव्हतं. दाराशेजारचा आरसा भिंतीवरून उतरवला, उजव्या हाताने छातीशी धरला, आणि टॅक्सीवाल्यासमोर नेऊन उभा केला.

"बघ," ते म्हणाले. "दोन्हीकडे नीट बघ. राहिलं असेल तर सांग."

टॅक्सीवाल्याने बघितलं. डावीकडे वळून, उजवीकडे वळून, हनुवटी वर करून. चिमटा काढून कान चोळला.

"बायको ओळखणार नाही," तो म्हणाला. "बरं झालं."

मेजर वहिनींकडे वळले. निकाल त्यांच्याकडे होता.

वहिनी बाकावर झोपल्या होत्या. पाठ भिंतीला टेकली होती, तोंड किंचित उघडं, पर्स मांडीवरून घसरून बाकावर. दवाखान्यातल्या त्या दिवसापासून त्या नीट झोपल्याच नव्हत्या. मेजर पलंगाच्या कोणत्या बाजूने उठतात, कुठे आपटतात, यावर कान ठेवून रात्र काढायच्या. आणि आज, कात्री चालू असताना, नेमकं लक्ष ठेवायचं तेव्हा त्यांचा डोळा लागला होता. कधी लागला, ते कोणाला कळलं नव्हतं.

दारात भूगोलाचे सर आणि मॅडम आले होते, वाण्याने बातमी पोचवली असणार. मॅडम काहीतरी बोलणार, इतक्यात मेजरांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ते कुजबुजले. "सर, बसा. नंबर तुमचाच आहे. पण आवाज नको, ती झोपली आहे."

सर चष्मा हातात घेऊन, टाचा उचलून खुर्चीपर्यंत गेले आणि बसले. मॅडमनी वहिनींची पर्स उचलून त्यांच्या कुशीत नीट ठेवली, आणि शेजारी जागा करून बसल्या, पहाऱ्याला.